मास्तर खाली येऊन बसतात

कल्पना करा, तुम्हाला भिंतीकडे तोंड करून बसवलंय. बाकाला पाठ नाही. समोर पट्ट्यांच्या दोन ओळी. एकीवर डावा हात, दुसरीवर उजवा, आणि दोघांनी एकमेकांचं अजिबात ऐकायचं नाही. खाली पायांसाठी लाकडी पट्ट्यांची तिसरी ओळ. तिच्याकडे बघायचं नाही, कारण खाली बघितलंत की वरचं चुकलंच. दोन्ही बाजूंना ओढायच्या खुंट्या. एक ओढली की बासरीसारखा आवाज, दुसरी ओढली की कर्ण्यासारखा, आणि भलतीच ओढली की पहिल्या बाकावरच्या आजीबाई दचकून उभ्या राहतात. लोक सगळे तुमच्या पाठीमागे आणि एक मजला खाली. फादर काय करतायत ते कळावं म्हणून डोळ्यांसमोर स्कूटरचा आरसा बसवलाय. त्यात फादर अंगठ्याएवढे दिसतात. फादरांनी हात वर केला की वाजवायला सुरुवात करायची. आता तो हात तुमच्यासाठी वर झालाय की माशी हाकलायला, हे तुम्ही ठरवायचं, आणि ताबडतोब ठरवायचं.

जमतंय का? मग हेच दर रविवारी, शिवाय लग्नांना आणि अंत्यविधींना, डोक्यावर काळे केस होते तेव्हापासून ते डोक्यावर केसच उरले नाहीत तोवर करत राहा. म्हणजे तुम्ही साधारण मास्तरांइतके थकाल.

मास्तर म्हणजे ऑर्गनमास्तर. पुढचा 'ऑर्गन' कधीतरी गळून पडला आणि गल्लीतल्या दूधवाल्यापासून दवाखान्यातल्या नर्सपर्यंत सगळ्यांचे ते नुसते मास्तर झाले. शाळेत त्यांनी कधी कुणाला शिकवलं नाही. पण चेहरा असा की समोरच्याला आपला गृहपाठ राहिलाय असं वाटावं.

मास्तर निवृत्त झाले ते गुडघ्यांमुळे. ऑर्गन चर्चच्या मागच्या बाजूला, दाराच्या वर, माळ्यावर. तिथे जायला गोल जिना, अगदी अरुंद. डॉक्टर म्हणाले, "मास्तर, गुडघे ठेवा नाहीतर जिना ठेवा." मास्तरांनी दोन दिवस विचार केला आणि नाइलाजाने गुडघे ठेवले.

हात-पाय मात्र निवृत्त व्हायला तयार नव्हते. सकाळी चहा पिताना मास्तरांची बोटं टेबलाच्या कडेवर चालायची. टेबलाखाली पाय चालायचे. बायको समोर बसलेली असली की तिच्या नडगीवर एखादा खालचा सूर बसायचा. "अहो, हा माझा पाय आहे," ती म्हणायची. मास्तर म्हणायचे, "सॉरी, खालचा सा." मग ती आपली खुर्ची तिरकी करून बसायची आणि वर्तमानपत्र उघडायची.

उरलेला वेळ मास्तर ऑर्गनच्या मैफलींना घालवायचे. शहरात चर्च बरीच, एका कॉलेजच्या सभागृहातही ऑर्गन होता, त्यामुळे बहुतेक शनिवारी संध्याकाळी कुठे ना कुठे कार्यक्रम असायचाच. मास्तर एकही चुकवत नसत. दाढी करून, कोट घालून, आणि पायांत ऑर्गन वाजवायचे ते पातळ तळव्याचे, टाच असलेले काळे बूट चढवून निघायचे. ऐकायला जाताना वाजवायचे बूट कशाला, असं बायकोनं एकदा विचारलं होतं. "सवय," मास्तर म्हणाले. "मग पोहायला जाताना छत्री घेत जा," ती म्हणाली. पण बूट तेच राहिले.

ऑर्गनची मैफल हा तसा गमतीचा प्रकार असतो. वाजवणारा मागे, माळ्यावर. ऐकणारे पुढे तोंड करून बसलेले. म्हणजे ज्याच्यासाठी आलो त्याच्याकडे पाठ, आणि डोळ्यांसमोर एक रिकामी वेदी आणि दोन फुलदाण्या. न्हाव्याकडे बसल्यासारखं सगळे सरळ समोर बघत राहतात आणि मागून काय होतंय त्याचा अंदाज घेतात. काही जण डोळे मिटतात. त्यातले काही जागे असतात. शेवटी टाळ्यांच्या वेळी सगळे एकदम वळतात, तर माळ्याच्या कठड्यावरून एक डोकं वर येतं, मान लववतं आणि परत बुडतं.

मास्तर नेहमी अगदी शेवटच्या बाकावर बसायचे, बरोबर माळ्याच्या खाली. तिथे पट्ट्यांची खटखट ऐकू येते, खुंट्या ओढल्याचं कळतं, वाजवणाऱ्याचा उसासासुद्धा कळतो. मास्तरांना ती जागा घरासारखी वाटायची.

आणि त्यांची बायको पहिल्या बाकावर बसायची. दोघं एकाच बसने यायची, दारातून एकत्र आत शिरायची, आणि मग एक या टोकाला, दुसरी त्या टोकाला. लोकांना वाटायचं, नवरा-बायकोत काहीतरी बिनसलंय. लोकांचं बरोबरच होतं.

बिनसलं होतं ते मास्तरांच्या निरोपाच्या रविवारी.

मास्तरीणबाई लग्नाच्या आधीपासून चर्चच्या गायनमंडळात होत्या. गायनमंडळ उभं राहतं पुढे, वेदीजवळ. ऑर्गन मागे. मध्ये अख्खं चर्च, आणि चर्च चांगलं लांबलचक. या लांबीच्या दोन टोकांना दोघांचा अर्धा संसार झाला होता. आणि संसाराइतकंच जुनं त्यांचं भांडण होतं. मास्तर म्हणायचे, "तुम्ही लोक रेंगाळता." ती म्हणायची, "तुम्ही श्वास घेऊ देत नाही." मास्तर म्हणायचे, "मी पट्टी दाबतो आणि तुमचा सूर येईपर्यंत माझा चहा होईल." ती म्हणायची, "मग चहा घेत जा, आम्हाला तेवढाच श्वास मिळेल."

मास्तरांना त्यांच्या गुरूने पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "खालचे लोक मागे पडतील. तू पडू नकोस." मास्तरांनी ते वाक्य शिरसावंद्य मानलं. लोक मागे पडतात हा लोकांचा स्वभाव आहे, जसा मांजराचा दूध पिण्याचा. मग त्यांना पुढे ओढायचं तर आपण थोडं आणखी पुढे जायला हवं. ते पुढे जायचे. लोक धावायचे. मास्तरांना तरी ते मागेच ऐकू यायचे. मग मास्तर आणखी पुढे.

निरोपाच्या रविवारी शेवटचं गीत होतं संध्याकाळच्या प्रार्थनेचं, चार कडव्यांचं, सगळ्यांना तोंडपाठ. मास्तरांनी मनाशी ठरवलं की आज शेवटचा दिवस, आज यांना वेळेवर आणूनच सोडायचं. पहिल्या कडव्यात ते पुढे सरकले. दुसऱ्यात आणखी. चौथ्यापर्यंत गीताची चाल संध्याकाळच्या प्रार्थनेची न राहता गाडी पकडायला निघालेल्या माणसाची झाली होती. मास्तरांनी शेवटचा सूर दाबला, सोडला, हात मांडीवर ठेवले. खाली त्या वेगाने दमलेल्या गायनमंडळाची शेवटची ओळ अजून अर्धी बाकी होती. ऑर्गन थांबलेला बघून एकेक आवाज गडबडला आणि गप्प झाला.

एक आवाज मात्र थांबला नाही. तो एकटाच, सावकाश, मध्ये नीट श्वास घेऊन ती ओळ शेवटपर्यंत गायला. तो आवाज कुणाचा हे कळायला मास्तरांना आरशात बघायची गरज नव्हती.

नंतर चहाच्या वेळी फादरांनी मास्तरांची स्तुती केली आणि दोन शब्द बोलायला सांगितलं. मास्तर उभे राहिले आणि म्हणाले, "आपलं गायनमंडळ फार चांगलं आहे. फक्त गाडी सुटली की मग फलाटावर येतं."

सगळे हसले. एक जण सोडून.

त्याच आठवड्यात मास्तरीणबाईंनी गायनमंडळाचा झगा धुतला, इस्त्री केला, कागदात गुंडाळला आणि परत देऊन आल्या. त्याबद्दल घरात एक शब्द नाही. स्वयंपाक वेळेवर, चहा वेळेवर, बोलणंही नेहमीसारखं. फक्त गाणं बंद. आधी ती भांडी घासताना गायची, कपडे वाळत घालताना गायची, चष्मा शोधताना तर हमखास. आता चष्मासुद्धा मुकाट्याने शोधायची.

घर इतकं शांत झालं की मास्तरांना फ्रिजचा सूर ऐकू यायला लागला. तो बेसूर होता, थोडासा उतरलेला, आणि हे एकदा कळल्यावर मास्तरांना जेवण जाईना.

लेकीचा फोन आला तेव्हा तिने आईला विचारलंच. "आई, बाबा म्हणतायत तू गात नाहीस."

"फ्रिज गातो की," आई म्हणाली.

"बाबा म्हणतायत तो बेसूर आहे."

"पण वेळेवर गातो ना? मग झालं."

मास्तरांना बायकोचं गाणं परत हवं होतं. अगदी मनापासून हवं होतं. पण त्याआधी तिने एकदा, फक्त एकदा, म्हणायला हवं होतं की हो, आम्ही रेंगाळायचो. घोडं इथेच पेंड खात होतं. एक गोष्ट हवी तर दुसरी सोडावी लागणार, हे कळायला मास्तरांना वय कमी पडत होतं असं नाही. पण आपलं ते खरं करण्याची सवय गुडघ्यांसारखी नसते. ती म्हातारपणी दुखत नाही.

त्यामुळे मैफलींनंतर परतीच्या वाटेवर दर वेळी एकच खटला चालायचा. मैफलीत एखादं गीत गायनासह असलं की झालंच.

"मुली मागे पडत होत्या," बसथांब्याकडे चालताना मास्तर विषय काढायचे.

"कुठल्या मुली?"

"गाणाऱ्या. तिसऱ्या ओळीपासून तर फारच."

"अहो, सुईत दोरा जावा इतक्या बरोबर होत्या."

"मी कानाने ऐकलं."

"मी काय कोपराने ऐकलं?"

"मी शेवटच्या बाकावरून ऐकलं, तिथे सगळं स्पष्ट कळतं."

"मग शेवटच्या बाकाला वेगळ्या मुली गात असतील."

असं म्हणून ती बसमध्ये चढायची आणि खिडकीकडे तोंड करून बसायची. मास्तर शेजारी बसून समोरच्या सीटच्या पाठीवर दोन बोटांनी तिसरी ओळ पुन्हा तपासून बघायचे. तपासणीत मुली नेहमी दोषी ठरायच्या.

मग मास्तरांच्याच जुन्या चर्चमध्ये मैफल जाहीर झाली. वाजवणार होती त्यांच्या जागी आलेली नवी मुलगी. मुलगी म्हणजे तशी तिशीची, एका मुलाची आई, पण मास्तरांच्या हिशोबात जो जिना एका दमात चढतो तो मुलगाच किंवा मुलगीच. शेवटचं गीत गायनमंडळासह होतं. तेच, संध्याकाळच्या प्रार्थनेचं. हे वाचल्यावर मास्तरांनी बूट दोनदा पॉलिश केले. तेच चर्च, तोच ऑर्गन, तेच गायनमंडळ, तेच गीत, फक्त वाजवायला दुसरं कोणी. आता तरी दूध का दूध होईल. गायनमंडळ याही वेळी मागे पडलं की बायकोला काही बोलायला जागा राहणार नव्हती.

पण दारातच घंटावाले आडवे आले. घंटावाले म्हणजे चर्चची घंटा वाजवणारे, दारं-खिडक्या उघडणारे, मेणबत्त्या मोजून विझवणारे आणि मास्तरांशी गेली कित्येक वर्षं जिन्याच्या पायथ्याशी गप्पा मारणारे.

"मास्तर, एक बोलू का? राग मानू नका."

"बोला की."

"आज पुढे बसा."

"का? माझी जागा मागे आहे."

घंटावाल्यांनी खाली, मास्तरांच्या बुटांकडे बघितलं. "तुमचे पाय, मास्तर. माळ्याखाली लाकडी जमीन आहे. मागच्या रविवारी वर वाजवणाऱ्या बाईंना वाटलं की ऑर्गनमध्ये उंदीर शिरलाय. मग म्हणाल्या, उंदीर नसेल, हा तालात आहे."

"माझे पाय वाजतात?"

"वाजतात. आणि बाई म्हणतात ते त्यांच्या पुढे जातात. वाजवताना मागून कोणीतरी ढकलतंय असं वाटतं म्हणे." घंटावाले आवाज उतरवून म्हणाले, "पुढे गालिचा आहे. तिथे हवं तेवढं वाजवा."

मास्तरांचा चेहरा पडला. पण भांडायला वेळ नव्हता, लोक आत येत होते. घंटावाल्यांनी त्यांचं कोपर धरलं आणि वरातीतल्या नवरदेवासारखं मधल्या वाटेने पार पुढे नेऊन पहिल्या बाकावर, बायकोशेजारी, आणून सोडलं.

बायकोने वर बघितलं. "वाट चुकलात?"

"हाकलून दिलं."

"पाय?"

"पाय."

तिने पर्स उचलून मांडीवर घेतली आणि जागा करून दिली. तोंड दुसरीकडे होतं, पण खांदे थोडे हलत होते.

कार्यक्रम सुरू झाला आणि पहिल्या काही मिनिटांतच मास्तर चमकले. खटखट नव्हती. भात्याचा दमा नव्हता. खुंट्यांची कुरकुर नव्हती. लांबून, गोल होऊन, सगळे सूर एकमेकांत मुरून येत होते. हा आपलाच ऑर्गन आहे यावर त्यांचा विश्वास बसेना. इतकी वर्षं ते स्वयंपाकघरात उभं राहून पातेल्यातून चाखत होते आणि ताट इकडे वाढलं जात होतं. पाय आपोआप चालू झाले, पण गालिच्याने ते गिळून टाकले. बायकोने एकदा खाली बघितलं आणि आपले पाय सुरक्षित अंतरावर नेले.

मग गायनमंडळ उठून उभं राहिलं, त्यांच्यापासून हातभर अंतरावर. मास्तर सावरून बसले. खटल्याचा निकाल ऐकायला माणूस बसतो तसे.

पहिली ओळ आली. ऑर्गन आणि आवाज एकदम आले.

दुसरी ओळ. एकदम.

तिसरी ओळ, जिथे यांनी हमखास रेंगाळायचं. एकदम. मध्ये श्वास घ्यायला मुलीने किंचित जागा सोडली, सगळ्यांनी श्वास घेतला आणि पुन्हा एकदम.

मास्तरांनी बायकोकडे बघितलं. ती समोर बघत होती. जिला शेजारी बघायची गरजच नसते अशा बाईचा चेहरा होता तो.

मास्तरांना काही हे सहन होईना. आज सराव जास्त केला असेल, त्यांनी मनाशी म्हटलं. की माझ्याच कानात काही झालंय? पहिलं कडवं संपलं तसे ते उठले.

"कुठे?" बायको ओठांतल्या ओठांत म्हणाली.

"आलोच."

मास्तर मधल्या वाटेने मागे चालू लागले. चर्चच्या मध्यावर, खांबाजवळ, थांबले. मान तिरकी करून एक कान पुढे आणि एक मागे करून ऐकू लागले. दुसरं कडवं चालू होतं. आणि इथे गायनमंडळ मागे होतं. फार नाही, केसभर. पण मागे होतंच. मास्तरांच्या चेहऱ्यावर समाधान पसरलं. शेजारच्या बाकावरच्या बाईंना वाटलं हे दानपेटी फिरवायला आलेत, त्यांनी घाईघाईने पर्स उघडली.

तिसऱ्या कडव्याला मास्तर पार मागे पोचले. गालिचा संपला होता, बूट टक टक करत होते, वर मुलीच्या मानेवर काटा आला असेल. माळ्याखाली उभं राहून ऐकलं. ऑर्गन एकीकडे, गाणं दुसरीकडे. सूर येऊन गेला की मग त्याच्या मागून धापा टाकत शब्द यायचे. अगदी आयुष्यभर ऐकलं तसंच. जिंकलो, मास्तरांना वाटलं.

आणि लगेच वाटलं, पण मग पुढे काय होतं?

घंटावाल्यांना मास्तर बरे दिसेनात. ते एक घडीची खुर्ची घेऊन आले आणि मागे उभे राहिले. मास्तर चौथ्या कडव्याबरोबर परत पुढे निघाले. त्यांच्या मागून खुर्ची घेऊन घंटावाले. मास्तर थांबले की घंटावाले खुर्ची उघडायचे, मास्तर चालू लागले की मिटायचे. अर्धं चर्च आता गीत सोडून ही मिरवणूक बघत होतं. कडेच्या एका गृहस्थांनी हळूच विचारलं, "तब्येत बरी आहे ना?"

"माझी बरी आहे," मास्तर म्हणाले. "हे लोक सुधारतायत."

खरंच सुधारत होते. प्रत्येक बाकागणिक गायनमंडळ ऑर्गनच्या जवळ येत होतं. खांबापाशी केसभर मागे, पाचव्या बाकापाशी त्याहून कमी, आणि पहिल्या बाकाशी पोचेपर्यंत दोघं एक झाले. मास्तर बायकोच्या शेजारी बसले तेव्हा शेवटचा सूर एकत्र संपला. टाळ्या वाजल्या. सगळे मागे वळले. मास्तर वळले नाहीत. ते गालिच्याकडे बघत होते.

बसथांब्यावर दोघंच होती. मास्तरांनी थांब्याच्या खांबावर दोन बोटांनी तिसरी ओळ वाजवून बघितली. मग म्हणाले, "लांबवर कोणी कपडे आपटत असला तर कसं दिसतं?"

"कपडे आपटल्यासारखं."

"तसं नाही गं. हात आधी खाली येतो. आवाज मग येतो."

"हं."

"आवाजाला चालत यावं लागतं. लगेच नाही पोचत. मी वर पट्टी दाबायचो. तो सूर चालत चालत तुमच्यापर्यंत यायचा. तुम्ही तो ऐकल्याबरोबर गायचात, अगदी त्याच क्षणी. मग तुमचं गाणं परत चालत माझ्याकडे यायचं. जाण्याचा उशीर आणि येण्याचा उशीर, दोन्ही माझ्याच कानात."

"आणि दोन्हीचं बिल आमच्या नावावर."

"हो." मास्तरांनी चष्मा पुसला. "मी म्हणायचो, रेंगाळतायत, ओढा पुढे. मी ओढलं की तुम्ही धावायचात. पण माझ्याकडे यायला तेवढाच वेळ लागायचा. म्हणून मी आणखी ओढायचो."

"म्हणजे आम्ही श्वास गिळून तुमच्या मागे धावत होतो."

"मागे नाही. बरोबर. तुझ्याकडे सगळं बरोबरच होतं." मास्तरांनी चष्मा परत चढवला. "गुरूंनी सांगितलं होतं, लोक मागे पडतील म्हणून. का पडतील ते मी विचारलं नाही."

बायको हसायला लागली. आधी पर्स तोंडावर धरून, मग तशीच. इतकी हसली की बस आली आणि ड्रायव्हर वाट बघत राहिला.

बसमध्ये ती खिडकीकडे तोंड करून बसली नाही. मास्तरांनी धीर केला. "मग आता गाशील?"

"फलाटाबद्दल काय?"

"ते मी मागे घेतो."

"कुठे? बसमध्ये? बोलला होतात सगळ्यांसमोर."

"सगळ्यांसमोर म्हणजे..."

"म्हणजे सगळ्यांसमोर."

रविवारी चहाच्या वेळी मास्तर उभे राहिले. सरळ माफी मागणं त्यांच्या रक्तात नव्हतं, म्हणून त्यांनी प्रयोग करून दाखवायला घेतला. टेबलाच्या एका टोकाला किटली ठेवली, हा ऑर्गन. दुसऱ्या टोकाला चार कप, हे गायनमंडळ. एक बिस्किट हातात घेतलं, हा सूर. बिस्किट किटलीपासून चालत कपांकडे गेलं, तिथून दुसरं बिस्किट निघालं, ते चालत परत आलं. अर्ध्या वाटेत घंटावाल्यांनी दुसरा सूर उचलून चहात बुडवला. मास्तरांनी नवा सूर घेतला आणि पहिल्यापासून सांगायला लागले. गायनमंडळ तोंडाकडे बघत राहिलं. नव्या मुलीला तेवढं सगळं कळलं असावं, कारण ती मान हलवत होती आणि तिला हसू आवरत नव्हतं. शेवटी फादरांनी घड्याळ बघितलं.

"थोडक्यात, मास्तर, तुमचं चुकलं असं म्हणायचंय?"

मास्तरांनी बिस्किट खाली ठेवलं. पुन्हा उचललं.

"थोडक्यात तेच," त्यांच्या बायकोने सांगितलं.

"हो," मास्तर म्हणाले. "गाडीच वेळेआधी सुटायची."

लोक पुन्हा हसले. या वेळी तीही हसली. जाताना तिने झगा परत मागून घेतला, आणि घरी येऊन उघडून बघते तर कोणीतरी चुरगाळून ठेवलेला, म्हणून संध्याकाळभर त्या कोणाला तरी बोलत इस्त्री करत बसली.

आता ती घरातही गाते. सुरुवात सोमवारी सकाळी कपडे वाळत घालताना झाली, तेही संध्याकाळच्याच गीताने, आणि वेळेचं एवढं अंतर मास्तरांनी चालवून घेतलं. फ्रिज अजून उतरलेलाच आहे, पण आता जेवण जातं. मैफलींना दोघं पहिल्या बाकावर बसतात, गालिच्यावर. परतीच्या वाटेवर खटल्याला मुद्दा नसतो, म्हणून नवी मुलगी चांगली की कॉलेजमधला चष्मेवाला चांगला यावर भांडतात.

एवढं सगळं मिटलं. तरी मास्तरांच्या मनात एक गोष्ट राहिलीच आहे. कधी टेबलाशी चहा पिताना ती ओठांवर येते, पण तेवढ्यात बायको आतून गुणगुणत असते, आणि आपण बोललो तर ती थांबेल म्हणून मास्तर चहाचा घोट घेतात. त्यांना आता माहीत आहे की त्या निरोपाच्या रविवारी घाई त्यांचीच होती. बाकीचे गप्प का झाले तेही कळतं, ऑर्गन थांबला म्हणून. पण सगळं थांबलेलं असताना ती एकटीच ती शेवटची ओळ सावकाश पूर्ण करत राहिली, ते त्यांची चूक सगळ्यांना ऐकवायला, की त्यांचा शेवटचा दिवस अर्धवट राहू नये म्हणून?